पाचर

व्हॅनमधून घड्याळ आलं ते आडवं,
रजईत गुंडाळलेलं, आजारी नातेवाइकासारखं.
तीन जिने. ग्विलिम मामा पायांकडून, मी डोक्याकडून.
दुसऱ्या वळणावर त्याच्या पोटात काहीतरी खणखणलं
आणि मामा धापा टाकत म्हणाला, "नेस्ट, विकून टाक गं.
पंधराशे पौंड कुठे गेले नाहीत."
मी लिव्हरपूलमध्ये बस चालवते. पंधराशेचा अर्थ मला कळतो.
तरी म्हटलं, "तू जिना बघ."

ताइद म्हणायचो आम्ही आजोबांना;
तिकडे, वेल्समधल्या आमच्या डोंगरात, सगळेच म्हणतात.
पाटीच्या दगडाच्या खाणीत चाळीस वर्षं,
छिन्नीच्या एका ठोक्यात पापुद्रा सुटायचा त्यांच्या हाताखाली.
घर कंपनीचं, आणि इतकं ठेंगणं
की घड्याळाचे पाय चार बोटं कापावे लागले,
कळस उतरवून माळ्यावर ठेवला,
तिथून तो कुठे गेला, देव जाणे.

रविवारी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली.
चाकं रॉकेलमध्ये बुडवली, दातादातांतून
काळा चिकट मळ निघाला, दात घासायच्या ब्रशने.
आतड्याची दोरी कुजलेली; नवी पोस्टाने मागवली.
दोन वजनांपैकी एकच सापडलं.
दुसरं, मामाच्या खुराड्याचं दार ओढून धरत होतं
गेली एकवीस वर्षं. त्याने आणून दिलं,
न धुता.

दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने, वेल्शमध्ये:
तेल दिलं. बर्फ खिडकीपर्यंत.
दोरी बदलली. मुलगी झाली.
संप, नववा आठवडा. चावी दिली.
साफ केलं.
एवढंच. त्या साली आजी गेली होती.

सगळं बसवलं. लंबकाला बोट लावलं.
टिक्‌… टॉक टिक्‌… टॉक
एक पाऊल लांब, एक आखूड,
लंगडत दहा मिनिटं चाललं आणि थांबलं.
पुन्हा. बारा मिनिटं.
पुन्हा. सात.

मग मी शहाणी, पाणसळ आणली.
बुडबुडा अगदी मधोमध.
नवी इमारत, काटकोनात वाढलेली;
ओळंबा सोडला तरी कुठली भिंत लाजणार नाही.
जमीन सरळ, घड्याळ सरळ,
चाल तेवढी वाकडी.

ब्लेदिनला फोन केला. तो ब्याऐंशीचा,
सगळ्या खोऱ्याची घड्याळं त्याच्या हाताखालून गेलेली.
"फोन त्याच्या छातीशी धर," म्हणाला. ऐकलं.
मग विचारलं,
"ताइदच्या स्वयंपाकघरात कधी गोट्या खेळलीस?"
"खेळले की. सगळ्या चुलीखाली जायच्या."
"कुठून?"
"खिडकीकडून."
"मग?" म्हणाला, आणि फोन ठेवला.

घर खचलं होतं. घर काही त्यांना सरळ करता येत नव्हतं,
म्हणून लंबकाला ढकलणारी ती पितळी दांडी
पकडीने किंचित वाकवून
त्यांनी घड्याळालाच उतारावर उभं राहायला शिकवलं होतं.

दांडी परत सरळ करणं दोन मिनिटांचं काम.
पकड हातात घेतली.
दांडीवर जुन्या पकडीच्या दातांचे दोन वळ.
ठेवून दिली.

त्या घराच्या छपराची एक पाटी माझ्याकडे आहे,
किटलीखाली ठेवते. तिला छिन्नी लावली.
पहिला तुकडा फुटला. दुसरा फुटला.
चौथा कसाबसा सुटला, जाड, माझ्यासारखाच आडमुठा,
तो सारला खिडकीकडच्या पायाखाली.
घड्याळ चुलीकडे कललं,
जिथे चूल नाही, माझी जोडे ठेवायची जागा आहे.

टिक टॉक टिक टॉक.

मामा आला की अजून मान तिरकी करतो:
"वाकडं उभं आहे गं."
"हो."

दिवसाला चार मिनिटं मागे पडतं.
चार मिनिटांसाठी प्रवासी माझ्याकडे कसे बघतात, मला माहीत आहे;
मी याच्याकडे तसं बघत नाही.
पेन्सिलीला टोक केलं, ताइदच्या ओळीखाली लिहिलं:
तेल दिलं. पाचर मारली.
दोनची पाळी चुकली.